दैनंदिन संदेशांतील दुःखी चेहरा : एका भावचिन्हाचा इतिहास आणि अर्थ

प्रास्ताविक

लिखित मजकुरातील भाव शब्दांतूनच प्रकट होतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. गेल्या चार दशकांत मात्र शब्दांच्या शेजारी उभी राहणारी भावचिन्हांची एक व्यवस्था निर्माण झाली असून भ्रमणध्वनीवरील संदेशांत ती आता नित्याची झाली आहे. विरामचिन्हे जुळवून केलेल्या चेहऱ्यास ‘इमोटिकॉन’ आणि चित्ररूप चिन्हास ‘इमोजी’ म्हटले जाते. या दोहोंतील हसऱ्या चेहऱ्याविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच दिवशी, त्याच मजकुरात जन्मलेल्या दुःखी चेहऱ्याकडे तुलनेने दुर्लक्ष झालेले दिसते.

वास्तविक अर्थाच्या दृष्टीने हा दुसरा चेहरा अधिक गुंतागुंतीचा आहे. ‘सर, आज तासाला येता येणार नाही’ असे कळवणारा विद्यार्थी वाक्याअखेर उतरलेला चेहरा जोडतो. रविवारच्या सहलीला येऊ न शकणारी मैत्रीण तोच चेहरा पाठवते. हापूसचा भाव ऐकून एखादी गृहिणी तोच चेहरा पाठवते. आणि निवृत्त सहकाऱ्याच्या निधनाची वार्ता समूहावर येते तेव्हाही कोणीतरी तोच चेहरा पाठवतो. या चारही ठिकाणी चिन्हाचा अर्थ ‘पाठवणारा दुःखी आहे’ एवढाच घेतला, तर पहिल्या तीन ठिकाणी तो अतिशयोक्त ठरतो आणि चौथ्या ठिकाणी अपुरा. प्रस्तुत लेखात या चिन्हाच्या इतिहासाचा मागोवा घेतला आहे. दुःखी चेहरा हा प्रारंभापासूनच दुःखाची नोंद करण्यापेक्षा सोबतचे वाक्य कसे घ्यावे, याची वाचकास सूचना देणारा राहिला आहे, असे या मागोव्यातून दिसते.

अशुभवार्तेची जुनी चिन्हे

दुःख चिन्हाने कळविण्याची प्रथा संगणकाच्या पुष्कळ आधीची आहे. महाराष्ट्रात तिचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण पानिपतच्या संदर्भात सांगितले जाते. १४ जानेवारी १७६१ च्या संहारानंतर माळव्यात भेलशाच्या परिसरात असलेल्या नानासाहेब पेशव्यांच्या हाती एक सावकारी पत्र पडले. दोन मोती गळाले, सत्तावीस मोहरा हरवल्या, चांदी-तांब्याची तर मोजदादच नाही, अशा आशयाचा त्यातील मजकूर इतिहासग्रंथांत नमूद आहे. मोती म्हणजे सदाशिवरावभाऊ व विश्वासराव, मोहरा म्हणजे सरदार आणि खुर्दा म्हणजे सामान्य शिपाई. हिशेबाच्या भाषेत लिहिलेल्या या ओळींत शोकाचा एकही शब्द नाही. तरीही हे पत्र मराठी मनात शोकाचेच पत्र म्हणून राहिले, कारण वाचणाऱ्यास त्या चिन्हांमागील माणसे ठाऊक होती.

घरगुती पत्रव्यवहारातील संकेत याहून साधे होते. मंगल कार्याच्या पत्रास हळदकुंकू लागे आणि माथ्यावर ‘श्री’ असे. मृत्यूची वार्ता देणाऱ्या कार्डावर ‘श्री’ नसे, कुंकू नसे, आणि अनेक घरांत अशा कार्डाचा एक कोपरा फाडून ते टाकले जाई. पोस्टमनच्या हातातील फाटक्या कोपऱ्याचे कार्ड दिसताच आतला मजकूर वाचण्याआधीच घरात रडारड सुरू होई. असे कार्ड वाचून झाल्यावर नष्ट करण्याचाही रिवाज होता. पुढे तारेच्या बाबतीत तर माध्यम हेच चिन्ह बनले. शुभेच्छांच्या तारांसाठी क्रमांक दिलेली ठरीव वाक्ये तार खात्याने उपलब्ध करून दिली होती आणि अभिनंदनाच्या ताराही पुष्कळ जात. तरीही ‘तार आली’ हे शब्द ऐकताच पोटात गोळा यावा, इतका तिचा मृत्यूशी संबंध सामान्य कुटुंबात पक्का झाला होता. ही सेवा भारतात जुलै २०१३ मध्ये बंद झाली.

या सर्व संकेतांत एक गोष्ट समान आहे. ते प्रसंगाला बांधलेले होते. गाडी चुकल्याचे कळवताना कोणी कार्डाचा कोपरा फाडला नाही. चिन्ह राखीव होते, म्हणूनच त्याचा धाक होता. पाठवणाऱ्याच्या मनःस्थितीशी त्याचा संबंध दुय्यम होता. दूरच्या नात्यातील मृत्यूची वार्ता कोरड्या डोळ्यांनी लिहिणाराही कोपरा फाडतच असे.

वाक्यात भाव दाखविण्याची सोय मराठीत वेगळ्या मार्गाने आली. जुन्या हस्तलिखितांत दंडापलीकडे विरामचिन्हे जवळजवळ नव्हती. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास छापील मराठी गद्यात इंग्रजी धर्तीची विरामचिन्हे रूढ झाली; त्याचे श्रेय मुख्यतः मेजर थॉमस कँडी यांना दिले जाते. त्यांतील उद्गारचिन्ह हे भावनेसाठी असले तरी भावना कोणती, हे ते सांगत नाही. ते काम मराठी व्याकरणाने ‘केवलप्रयोगी अव्यय’ या वर्गाकडे सोपविले. हर्षदर्शक, शोकदर्शक, आश्चर्यदर्शक, तिरस्कारदर्शक असे या अव्ययांचे पोटविभाग शालेय व्याकरणांत आजही शिकवले जातात. ‘अरेरे’, ‘हाय हाय’ ही शोकदर्शक अव्यये वाक्याच्या रचनेत कोठेही गुंतत नाहीत, वाक्याबाहेर उभी राहतात आणि वाक्याचा सूर ठरवतात. दुःखी चेहऱ्याचा मराठीतील पूर्वज शोधायचाच असेल, तर तो फाटक्या कोपऱ्याच्या कार्डात नसून या ‘अरेरे’मध्ये शोधावा लागेल. बस चुकलेल्याला म्हटलेले ‘अरेरे’ आणि अपघातात पाय गमावलेल्याला म्हटलेले ‘अरेरे’ व्याकरणदृष्ट्या एकच असते. उपहासाने म्हटलेले ‘अरेरे’ही शोकदर्शकाच्याच यादीत बसते, ही व्याकरणकारांची अडचण आहे.

‘ही थट्टा नव्हे’ : सन १९८२

छपाईच्या खिळ्यांतून चेहरा घडविण्याची कल्पना पाश्चात्त्य नियतकालिकांत एकोणिसाव्या शतकातच आढळते. अमेरिकेतील ‘पक’ या विनोदी साप्ताहिकाने ३० मार्च १८८१ च्या अंकात आनंद, विषाद, औदासीन्य आणि आश्चर्य असे चार चेहरे केवळ टंकांच्या आधारे जुळवून छापले होते. तो एक छापखान्यातील विनोद होता. त्यातून वापराची परंपरा निर्माण झाली नाही.

परंपरा सुरू झाली ती १९ सप्टेंबर १९८२ रोजी, पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात. तेथील संगणकशास्त्र विभागाच्या संगणकीय सूचनाफलकावर एक काल्पनिक कोडे चर्चेत होते : उद्वाहकाची तार तुटून तो खाली कोसळू लागला, तर आतील पाऱ्याच्या थेंबाचे काय होईल? या चर्चेवरून कोणी तरी थट्टेने असे लिहिले की, एका उद्वाहकात पारा सांडला आहे. काहींनी ती सूचना खरी मानली. समोर नसलेल्या माणसाची थट्टा ओळखायची कशी, हा प्रश्न त्यातून उभा राहिला आणि निरनिराळी चिन्हे सुचविली गेली. स्कॉट फाहलमन यांनी अपूर्णविराम, संयोगचिन्ह आणि कंस यांपासून बनलेले, आडवे वाचावयाचे :-) हे चिन्ह थट्टेसाठी सुचविले. त्यापुढेच त्यांनी अशी पुस्ती जोडली की, सध्याचा एकंदर रोख पाहता जे थट्टा नाही त्यालाच खूण करणे अधिक किफायतशीर होईल, आणि त्यासाठी :-( हे चिन्ह वापरावे.

ही पुस्ती फारशी उद्धृत होत नाही, पण प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने मूळ प्रस्तावापेक्षा तीच महत्त्वाची आहे. जगातील पहिल्या रूढ दुःखी चेहऱ्याचा जाहीर केलेला अर्थ ‘दुःख’ असा नव्हता. ‘हे गंभीरपणे घ्यावे’ एवढाच तो होता. चेहरा लेखकाचा नव्हता, वाक्याचा होता. वापरणाऱ्यांनी लवकरच त्यात नाराजी, वैताग, हिरमोड असे अर्थ भरले, आणि ते साहजिकही होते; खाली वळलेले ओठ दिसल्यावर त्यामागे माणूस शोधण्याचा मोह आवरत नाही. परंतु मूळची वाक्यसापेक्षता पूर्णपणे पुसली गेली नाही. एली ड्रेस्नर आणि सुसान हेरिंग या अभ्यासकांनी २०१० मध्ये असे मांडले की, ही चिन्हे अनेकदा भावना दर्शवीतच नाहीत; वाक्य ही विनंती आहे, तक्रार आहे की नकार आहे, म्हणजेच त्या वाक्याने काय केले जात आहे, हे ती दर्शवतात. १९८२ ची पुस्ती डोळ्यांसमोर ठेवली असता हे मत नवे वाटत नाही, जुन्याचेच स्पष्टीकरण वाटते.

भारतात भ्रमणध्वनी सेवा १९९५ मध्ये सुरू झाली आणि नंतरच्या दशकात लघुसंदेशांचा प्रसार झाला. रोमन लिपीत एका संदेशास १६० अक्षरांची मर्यादा होती. देवनागरीत लिहिल्यास ती ७० वर येई, शिवाय अनेक संचांवर देवनागरी उमटतच नसे. परिणामी मराठी संदेश रोमन लिपीत लिहिण्याची सवय जडली. त्या लिपीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, ‘न’ आणि ‘ण’ यांचा भेद नाही, आणि जागा वाचविण्यासाठी ‘हो ना’, ‘बरं का’ यांसारखे वाक्याला मऊपणा देणारे शब्द गाळले जात. उरलेले कोरडे वाक्य अपूर्णविराम आणि कंस या दोन खुणांनी मऊ केले जाई. मराठी संदेशांत दुःखी चेहरा प्रथम रुळला तो अशा वाक्यांतील गाळलेल्या शब्दांचा बदली म्हणून, हे विसरता कामा नये.

जपानी वळण

चित्ररूप चेहऱ्याचा उगम मात्र अमेरिकेत नसून जपानमध्ये आहे. ‘इमोजी’ या शब्दाचा ‘इमोशन’ या इंग्रजी शब्दाशी संबंध नाही. जपानी भाषेत ‘ए’ म्हणजे चित्र आणि ‘मोजी’ म्हणजे अक्षर. हे साम्य योगायोगाचे असले तरी त्यामुळे जगभर झालेला गैरसमज बोधप्रद आहे. निर्मात्यांच्या दृष्टीने ही चित्राक्षरे होती, वापरणाऱ्यांनी ती भावना मानली.

जपानी संगणकजाळ्यांवर १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात विरामचिन्हांचे जे चेहरे रूढ झाले, ते मान न वळवता सरळ वाचता येत. त्यांत तोंड जवळपास स्थिर असे आणि भाव डोळ्यांत असे. (^_^) हा हसरा चेहरा, तर (;_;) हा रडणारा; यातील अर्धविरामाची शेपटी म्हणजे ओघळणारा अश्रू. पाश्चात्त्य चेहऱ्यात दुःख ओठांच्या वळणात होते, जपानी चेहऱ्यात ते डोळ्यांतील पाण्यात. मासाकी युकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांतही जपानी व्यक्ती भाव ओळखताना डोळ्यांकडे अधिक, तर अमेरिकन व्यक्ती तोंडाकडे अधिक लक्ष देतात, असे आढळले. आज वापरात असलेल्या चित्ररूप दुःखी चेहऱ्यांत उलटे ओठ आणि अश्रू दोन्ही एकत्र आले आहेत. दोन भिन्न परंपरांचा हा संकर आहे.

जे-फोन कंपनीने १९९७ मध्ये ९० चित्राक्षरे असलेला एक संच बाजारात आणला. अधिक प्रभावी ठरली ती एन.टी.टी. डोकोमो कंपनीच्या आय-मोड सेवेसाठी १९९९ मध्ये शिगेताका कुरिता यांनी घडविलेली १७६ चित्राक्षरे. बारा बाय बारा ठिपक्यांच्या चौकटीत बसविलेल्या या चित्रांत हवामान, वाहतूक, दुकाने यांच्याच खुणा बहुसंख्य होत्या. चेहरे अगदी मोजके होते. आणि लक्षणीय बाब अशी की, त्यांत आनंदी चेहऱ्यापेक्षा हिरमुसलेले, चिडलेले, खचलेले चेहरे अधिक होते. भंगलेले हृदयही होते. न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयाने २०१६ मध्ये हा मूळ संच आपल्या संग्रहात दाखल करून घेतला.

नाव एक, रूपे अनेक

निरनिराळ्या जपानी कंपन्यांचे संच परस्परांना वाचता येत नसत. ही अडचण दूर व्हावी म्हणून ऑक्टोबर २०१० मध्ये युनिकोड प्रमाणाच्या ६.० या आवृत्तीत ही चित्रे समाविष्ट करण्यात आली. प्रमाणीकरण झाले ते क्रमांकाचे आणि नावाचे. चित्र कसे काढावे हे प्रत्येक कंपनीवर सोपविण्यात आले. त्याचे परिणाम दुःखी चेहऱ्यांच्या बाबतीत विशेष जाणवतात. एका चेहऱ्याचे अधिकृत नाव ‘झोपाळू चेहरा’ असे आहे. त्याच्या नाकाशी असलेला फुगा हा जपानी चित्रकथांत गाढ झोपेचा संकेत आहे. जपानबाहेर तो संकेत कोणालाच ठाऊक नसल्याने फुग्याचा अश्रू झाला आणि झोपलेला चेहरा शोकाकुल ठरला. दुसऱ्या एका चेहऱ्यावरील थेंब वस्तुतः सुटकेच्या निःश्वासाबरोबर आलेला घाम आहे. तोही सर्रास अश्रू म्हणून वापरला जातो. या दोन चेहऱ्यांसह शोकसंदेश पाठवणाऱ्यांची संख्या आपल्याकडे थोडी नसावी.

चित्र एकच असले तरी अर्थाचे एकमत होते असे नाही. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या अभ्यासात, एकच चित्र पाहणाऱ्या व्यक्तींमध्ये ते अनुकूल, प्रतिकूल की तटस्थ याविषयी सुमारे २५ टक्के वेळा मतभेद आढळला. पुढे अश्रूंचे अर्थही सरकत गेले. ऑक्सफर्ड शब्दकोशाने २०१५ चा ‘वर्षाचा शब्द’ म्हणून निवडलेला चेहरा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसणारा होता. २०२१ मध्ये ‘इमोजीपीडिया’ या संदर्भकोशाने ट्विटरवरील वापराची मोजणी केली, तेव्हा त्याला मागे टाकून धाय मोकलून रडणारा चेहरा प्रथम क्रमांकावर आला होता. जगाचे दुःख एकाएकी वाढल्याचा तो पुरावा नव्हता. तरुण वर्गाने तो चेहरा अनावर हास्यासाठी, कौतुकासाठी वापरावयास घेतला होता. अशा वेळी आजोबा आणि नातू एकाच कौटुंबिक समूहावर एकच चेहरा पाठवतात आणि परस्परविरुद्ध गोष्टी बोलतात.

हा मतभेद न्यायालयापर्यंतही गेला आहे. एका सार्वजनिक दूरसंचार कंपनीतील अधिकाऱ्याने कार्यालयीन समूहावर टाकलेल्या चित्रफितीखाली सहकाऱ्यांनी अश्रू ढाळत हसणारे चेहरे टाकले आणि त्यावरून गुन्हा दाखल झाला. २०१८ मध्ये मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाने तो रद्द ठरविला. असे चिन्ह म्हणजे एखाद्या गोष्टीविषयीची स्वतःची भावना कळविणे होय, ती दुसऱ्याविरुद्ध केलेली उघड कृती मानता येणार नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. कायद्याच्या दृष्टीने ती योग्यच असेल. भाषेच्या दृष्टीने मात्र चिन्ह ही कृतीच असते, हे तक्रारकर्तीचे दुखावलेपण सांगून जाते.

अश्रूचे विभाव

अश्रू म्हणजे दुःख, हे समीकरण भारतीय काव्यशास्त्राने कधीच स्वीकारले नव्हते. भरतमुनींच्या नाट्यशास्त्रात अश्रू हा आठ सात्त्विक भावांपैकी एक आहे. त्याची कारणे देताना भरताने शोकाबरोबर आनंद, क्रोध आणि भय तर सांगितले आहेतच, पण धूर, डोळ्यांत घातलेले अंजन, जांभई, टक लावून पाहणे, थंडी आणि आजार यांचाही उल्लेख केला आहे. ही यादी आज वाचताना काहीशी गमतीची वाटते. तिच्यामागील विचार मात्र काटेकोर आहे. अश्रू हा परिणाम आहे. तो कोणत्या स्थायीभावाचा परिणाम, हे विभावांवरून, म्हणजे प्रसंग आणि पात्र यांवरून ठरते. रंगभूमीवर प्रेक्षकास तो प्रसंग दिसत असतो. म्हणूनच नटाच्या डोळ्यांतील पाणी पाहून त्याला अंजन आठवत नाही.

संदेशातील चेहऱ्यापाशी विभाव नाहीत. ते वाचणाऱ्याने आपल्याजवळून पुरवावयाचे असतात : पाठवणारा कोण, त्याचे आपले नाते काय, काल काय बोलणे झाले होते. पानिपतच्या पत्रातील मोती ज्या कारणाने उलगडले, त्याच कारणाने हा चेहरा उलगडतो, आणि ते कारण नसेल तर उलगडत नाही. अपरिचिताने पाठवलेला दुःखी चेहरा वाचताना जो अवघडलेपणा येतो, त्याचे मूळ येथे आहे.

मराठी संदेशांतील वापर

आज मराठी संदेशांत दुःखी चेहऱ्याचा सर्वाधिक वापर नकार देताना होतो, असे म्हणण्यास हरकत नसावी. समक्ष बोलण्यात मराठी माणूस सरळ ‘नाही’ म्हणत नाही. ‘बघतो’, ‘जमेलसं वाटत नाही’, ‘यायचं फार मनात होतं हो’ अशा पायऱ्यांनी तो नकारापर्यंत पोहोचतो. संदेशात ‘जमणार नाही’ एवढेच लिहून पुढे उतरलेला चेहरा ठेवला की या साऱ्या पायऱ्या एका चिन्हात येतात. नकारामुळे नात्याला धक्का लागू नये, एवढेच त्यातून सांगावयाचे असते. पाठवणारा खरोखर खिन्न असेल किंवा सुटलो म्हणून निवांतही बसला असेल. त्यास खोटेपणा म्हणणे अन्यायाचे होईल. ‘यायचं फार मनात होतं’ हे वाक्यही शब्दशः तपासून घेण्यासाठी कोणी बोलत नाही.

वय आणि मान यांचे भेदही येथे दिसतात. मुलगी आईला एकटाच रडका चेहरा पाठवू शकते. आई तो पाहून फोन करते. विद्यार्थी मात्र प्राध्यापकांना असा सुटा चेहरा पाठवत नाही. त्याच्यामागे वाक्य, वाक्याच्या प्रारंभी ‘सर’ किंवा ‘मॅडम’ आणि शेवटी बहुधा जोडलेले हात असतात. ज्येष्ठांनी कनिष्ठांना दुःखी चेहरा पाठविण्याचे प्रमाण कमी दिसते. परवानगी नाकारणारे प्राचार्य चेहरा उतरवत नाहीत. चेहरा मऊ करण्याची गरज ज्याला, तो सहसा अधिकारात खालचा असतो.

जेथे खरोखर दुःख आहे, तेथे काय घडते? फेसबुकवर मृत्यूच्या वार्तेखाली ‘लाईक’ करावे की नाही, हा पेच अनेकांनी अनुभवला आहे. २४ फेब्रुवारी २०१६ रोजी त्या कंपनीने अश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्यासह नव्या प्रतिक्रिया सर्वांना उपलब्ध करून दिल्या. व्हॉट्सॲपने मे २०२२ मध्ये प्रतिक्रियांची सोय केली, तेव्हा प्रारंभीच्या सहा चिन्हांत अश्रू ढाळणारा चेहरा आणि जोडलेले हात, दोन्ही होते. आपल्याकडील समूहांत निधनवार्तेखाली बहुतेक ठिकाणी हातांची रांग लागते आणि सोबत ‘भावपूर्ण श्रद्धांजली’ हे दोन शब्द असतात. रडका चेहरा तुरळक दिसतो. सहलीच्या नकाराला आणि आंब्याच्या भावाला वापरलेला चेहरा मृत्यूसमोर ठेवताना हात अडखळतो. सन २०२० आणि २०२१ मध्ये, जेव्हा अंत्यविधीस वीसपेक्षा अधिक माणसांना अनुमती नव्हती आणि जवळच्यांनाही घरीच थांबावे लागले, तेव्हा हे हात हीच अनेकांची शेवटची भेट ठरली. त्या महिन्यांत एकेका समूहावर एकाच दिवशी दोन-दोन, तीन-तीन वार्ता येत. चिन्ह तेच, नाव वेगळे.

परंतु जोडलेले हातही राखीव राहिलेले नाहीत. त्याच समूहावर सकाळी सात वाजता ‘शुभ सकाळ’सोबत तेच हात आलेले असतात, मानधनाचे देयक मंजूर झाल्यावर आभार म्हणून तेच येतात, आणि जपानी मूळ संकेतात तर ते विनंतीचे व आभाराचेच आहेत. निधनवार्ता आणि सुप्रभात यांच्यामध्ये एकही संदेश नसेल, तर हातांची एक रांग कोठे संपते आणि दुसरी कोठे सुरू होते, हे परक्यास सांगता येणार नाही. फाटक्या कोपऱ्याला जे साधत होते ते आजच्या कोणत्याही चिन्हाला साधत नाही. काही कुटुंबांत म्हणून अलिखित शिरस्ता पडला आहे : वार्ता समूहावर टाकण्यापूर्वी जवळच्यांना फोन करावयाचा.

इतिहासाचे साधन म्हणून

या चिन्हांचा विचार भावी इतिहासकाराच्या बाजूनेही करावा लागेल. विसाव्या शतकातील कौटुंबिक जीवनाचा अभ्यास पत्रांवरून झाला. एकविसाव्या शतकाच्या अभ्यासाचे साधन हे संदेश असणार. पत्रातील शाई पसरली असेल तर तेथे पाणी पडले एवढे तरी निश्चित सांगता येते. संदेशातील अश्रू ढाळणाऱ्या चेहऱ्याच्या जागी मात्र १,२८,५४६ हा एक क्रमांक साठवलेला असतो, आणि त्याचे चित्र वाचणाऱ्याच्या यंत्राकडून दर वेळी नव्याने काढले जाते. २०१४ मध्ये पाठविलेला संदेश आज उघडला तर २०१४ चा चेहरा दिसत नाही, आजचा दिसतो. पाठवणाऱ्याने काय पाहून तो निवडला, हे त्या नोंदीवरून कळत नाही. अशा संदेशांची मोजणी करून एखाद्या काळातील ‘दुःखाचा आलेख’ काढणे आज तांत्रिकदृष्ट्या सहज शक्य आहे. ज्यांत बहुसंख्य चेहरे सौम्य नकाराचे आहेत आणि बरेचसे हास्याचे, असा तो आलेख असेल.

फाहलमन यांचा १९८२ चा मजकूरही मध्यंतरी हरवला होता. २००२ मध्ये जुन्या चुंबकीय फिती धुंडाळून तो परत मिळविण्यात आला, आणि त्यामुळेच त्यातील दुसरे चिन्ह दुःखासाठी नव्हते हे आज निश्चितपणे सांगता येते. विरामचिन्हांचे असल्याने ते जसेच्या तसे वाचताही आले. घरगुती संदेशांच्या अशा फिती कोणी ठेवीत नाही. फाटक्या कोपऱ्याची कार्डे घरात ठेवू नयेत असा रिवाज होता, म्हणून ती संग्रहांत टिकण्याची शक्यता मुळातच कमी होती. संदेश नष्ट करण्याचा रिवाज नाही, पण भ्रमणध्वनी संच बदलताना ते मागे राहतात, आणि २०२१ च्या उन्हाळ्यातील हातांच्या रांगा बऱ्याच घरांतून अशा रीतीने यापूर्वीच गेलेल्या आहेत.